मदत हवी आहे: बसच्या अ‍ॅपवाल्यांना फोन कुठे लावायचा? (सोलापूर)

जुळेसोलापूरकर, शनिवार, संध्या. ७:४०

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझे वडील (वय ७१, आम्ही अण्णा म्हणतो) आणि आई गुरुवारी रात्री मुंबईला निघाले होते. शुक्रवारी दुपारी आईच्या डोळ्यांची तपासणी होती, तारीख दीड महिन्यापूर्वी मिळालेली. सिद्धेश्वर एक्सप्रेसचं वेटिंग काही हललं नाही म्हणून आदल्या दिवशी मी अण्णांच्या मोबाइलवर एका अ‍ॅपवरून खासगी स्लीपरची दोन तिकिटं काढून दिली. २,३६० रुपये. गाडी रात्री सव्वादहाची, चढायचं ठिकाण जुना पुणे नाका.

गुरुवारी मी कामाला बार्शीला. दोघं साडेनऊपासून नाक्यावर बॅगा घेऊन उभे. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. तिकिटावर ड्रायव्हरचा नंबर होता, तो बंद. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसचा नंबर एंगेज. अ‍ॅपमध्ये 'मदत' दाबलं की चॅट उघडतं आणि चार पर्याय येतात: तिकीट रद्द करायचं आहे, सीट बदलायची आहे, कूपन चालत नाही, इतर. 'इतर' दाबलं की परत तेच चार. अण्णांनी चष्मा काढून-लावून मराठीत टाइप केलं, 'बस आली नाही, आम्ही नाक्यावर उभे आहोत.' उत्तर आलं, 'क्षमस्व, मला समजलं नाही. कृपया खालीलपैकी पर्याय निवडा.'

अकराच्या सुमारास शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं की त्या ट्रॅव्हल्सची गाडी हल्ली गावात येतच नाही, गावाबाहेर बाळ्यावरून परस्पर निघते. तोवर ती मोहोळच्या पुढे गेली असणार. सिद्धेश्वरही सुटलेली. रिक्षा करून दोघं घरी आले. तपासणी हुकली.

शुक्रवारी सकाळी अ‍ॅपचा मेसेज: 'आपला प्रवास पूर्ण झाला. कसा वाटला? पाचपैकी तारे द्या.' परतावा मागितला तर 'प्रवासी ठिकाणी हजर नव्हते, परतावा लागू नाही.'

आता खरं दुखणं. अण्णांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ३४ वर्षं टॉवेल कारखान्यात जॉबरकी (मागांची देखभाल) केली. नुसत्या आवाजावरून लूम कुठे अडलाय ते सांगायचे. माणसाला गाठल्याशिवाय काम होत नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. म्हणून आज दुपारी त्यांनी मोबाइलवर त्या अ‍ॅपचं नाव आणि 'कस्टमर केअर नंबर' असं शोधलं. वर आला तो नंबर लावला. पहिल्या रिंगला उचलला. अण्णांचं म्हणणं, 'इतका नम्र माणूस बँकेतपण भेटला नाही.' त्याने एक अ‍ॅप डाउनलोड करायला लावलं, मग 'परताव्याची रिक्वेस्ट मंजूर करा' म्हणून पिन टाकायला लावला. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ९,८०० रुपये गेले. मला सांगितलं ते आत्ता सातला. तीन तास गप्प बसून होते.

तर, (१) या कंपन्यांचा खरा फोन नंबर मिळतो का, कुठे? (२) नंबर ठेवायचा कायदा नाही का? (३) २,३६० परत मिळायला काय करू? ९,८०० गेले असंच धरून चाललोय.

निवृत्त_कॅशियर, शनिवार, ७:५२

बाकी सगळं नंतर. धागा बंद करा आणि या मिनिटाला १९३० लावा. सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरतात. जिथे सापडतील तिथे अडवता येतात. 'गेले असं धरून चाललोय' म्हणू नका. हाताशी ठेवा: व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, वेळ, रक्कम, समोरच्याचा फोन नंबर.

त्याआधी अण्णांच्या मोबाइलचा डेटा बंद. त्या माणसाने टाकायला लावलेलं स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप काढून टाका. मग बँकेला फोन करून यूपीआय थांबवा. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, एटीएम कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो.

सातरस्ता, शनिवार, ७:५५

+१. धाव बे आधी. धागा कुठं पळत नाही.

जुळेसोलापूरकर, शनिवार, ८:४८

१९३० तिसऱ्या प्रयत्नात लागला. बाई मराठीत बोलल्या, घाई केली नाही. तक्रार क्रमांकाचा मेसेज आलाय, उरलेली माहिती सायबर क्राइमच्या पोर्टलवर भरली. बँकेच्या नंबरवर चार मिनिटांत माणूस मिळाला, यूपीआय बंद केलं. अण्णा शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, 'ह्यांचा लागतो की फोन. मग त्यांचाच का लागत नाही?'

मला उत्तर सुचलं नाही.

निवृत्त_कॅशियर, शनिवार, ९:२०

शाब्बास. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: बँकेला सांगितलंय म्हणून लागतो. जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं. फसवणुकीची खबर देण्यासाठी बँकांनी चोवीस तास मार्ग खुला ठेवावा, त्यात टोल-फ्री नंबरही धरलाय. पुढे २०१९ मध्ये मोबाइल वॉलेटवाल्यांनाही तसंच बांधलं. त्याआधी आमच्याकडे रात्री दहानंतर कार्ड हरवलं तर माणूस सकाळपर्यंत देवाचं नाव घेत बसायचा. मी काउंटरच्या आत होतो, माहीत आहे.

एक कडू गोष्टही सांगतो, नंतर धक्का नको. त्याच परिपत्रकानुसार चूक ग्राहकाच्या निष्काळजीपणाची असेल तर खबर देईपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि पिन स्वतः टाकला की बँका तसंच धरतात. खबर दिल्यानंतर काही गेलं तर बँकेचं. म्हणून ९,८०० बँक भरून देईल अशी आशा ठेवू नका. १९३० ने जे अडवलं असेल तेच. आणि अण्णांना घरात सगळ्यांनी मिळून एकदा सांगा, पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो.

कायद्याचं सकाळी लिहितो. डोळे मिटताहेत.

हेडफोन_उतरवलेला, शनिवार, १०:०५

मी हिंजवडीत चार वर्षं एका अ‍ॅपच्या कस्टमर सपोर्टला होतो (बसचं नाही). आतली गोष्ट सांगतो, शिव्या मग द्या.

नंबर चुकून राहिलेला नसतो, मुद्दाम काढलेला असतो. त्याला डिफ्लेक्शन म्हणतात. किती तक्रारी माणसापर्यंत पोचण्याआधीच परतवल्या, याचा आकडा दर आठवड्याला स्क्रीनवर लागायचा आणि तो वाढला की टीमला पिझ्झा. फोनवर मी एका वेळी एकाशीच बोलू शकतो, चॅटवर तीन-चार खिडक्या उघड्या. हिशेब तिथेच संपतो.

पण फोन म्हणजे स्वर्ग नाही. फोनवर रोज आईबहिणीवरून ऐकायचो. आणि फोनवर दिलेला शब्द हवेत विरतो, चॅट लेखी राहतं. तुमच्या वडिलांनी त्या रात्री नाक्यावरून टाइप केलेला तो मराठी मेसेज आज तुमचा सर्वात मोठा पुरावा आहे. 'हजर नव्हते' म्हणणाऱ्याला तो दाखवा. स्क्रीनशॉट लगेच काढा, काही अ‍ॅप जुनं चॅट पुसतात.

साखरपेठ, शनिवार, १०:३०

लेखी राहतं हे खरं, पण लिहिता येणाऱ्यासाठी. माझी आई विड्या वळते. घरात तेलुगू, बाहेर मराठी, गड्ड्याच्या जत्रेत कानडी बायकांशी तोडकंमोडकं कानडीसुद्धा. तीन भाषांत भांडून येईल. वाचता एकही येत नाही. पूर्व भागात अशा बायका गल्लोगल्ली आहेत आणि सगळ्यांच्या हातात आता मोबाइल आहे, मुलांनी दिलेला. तिच्यासाठी 'खालीलपैकी पर्याय निवडा' म्हणजे भिंत. फोन उचलणारा असेल तर तिला कुणाची गरज नाही, नसेल तर ती माझ्यावर अवलंबून. मी कामावर असलो की शेजारच्या पोरावर. आणि तो पोरगा तिचा पिन बघतो.

हे ज्येष्ठ नागरिकांपुरतं नाही एवढंच म्हणायचं होतं. आई ४९ ची आहे.

पैशाचा_हिशेब, शनिवार, ११:१०

सहानुभूती आहे, पण विचारतो. फोनवर माणसं बसवली की पगार आला, तो तिकिटावरच चढणार. वर्षातून एकदा अडणाऱ्यासाठी बाकीच्यांनी का भरायचं? मला स्वतःला फोन नकोच वाटतो. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ऐकत वीस मिनिटं तबला-सतार कोण सहन करेल? चॅट टाकून कामाला लागतो.

रात्रपाळी, शनिवार, ११:४४

डिलिव्हरीवाला आहे, विजापूर रोड, होटगी रोड, सात रस्ता हा पट्टा. आत्ता एका हॉटेलबाहेर पार्सलची वाट बघत टाइप करतोय.

साहेब, फोनवर माणूस ठेवलेलाच आहे. तो मी आहे. अ‍ॅपमध्ये कंपनीचा नंबर सापडत नाही पण माझा सापडतो. भाजीत मीठ जास्त, कूपन लागलं नाही, मागच्या आठवड्याचा परतावा आला नाही, सगळं मलाच ऐकवतात. मी काय सांगणार? माझी अडचण आली तर मलाही तेच चॅट. मागे अशोक चौकात गाडी घसरली, गुडघा फुटला, चॅटने विचारलं 'ऑर्डर उशिरा होण्याचं कारण निवडा'.

त्या पगाराचा हिशेब करताना हा फुकटचा माणूस धरा.

पार्सल आलं, निघतो.

पैशाचा_हिशेब, शनिवार, ११:५१

हे माझ्या डोक्यात नव्हतं. मान्य.

निवृत्त_कॅशियर, रविवार, सकाळी ७:१५

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, त्याखालचे ई-कॉमर्स नियम जुलै २०२० मध्ये आले. ते वस्तूंना लागू तसेच सेवांनाही, म्हणजे तिकीट विकणारं अ‍ॅप त्यात येतं. नियम ४ बघा. कंपनीचं कायदेशीर नाव, मुख्यालयाचा पत्ता आणि ग्राहक सेवेचा व तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क, त्यात ई-मेल, फॅक्स, लँडलाइन, मोबाइल असे शब्द आहेत, ठळक दिसेल असा द्यायचा. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत, निपटारा एका महिन्यात.

टॅक्सीच्या अ‍ॅपसाठी केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये (२०२५ मध्ये त्यांच्या जागी नव्या आल्या) तर चोवीस तासांचं कॉल सेंटर आणि राज्याची भाषा हेही लिहिलं होतं. बसच्या तिकीटवाल्यांसाठी तेवढं स्पष्ट नाही.

आणि खोच इथेच आहे. नंबर द्या असं नियम म्हणतो. तो नंबर माणसानेच उचलावा, किती मिनिटांत उचलावा, कुठल्या भाषेत बोलावं, याबद्दल अवाक्षर नाही. मग कंपन्या अ‍ॅपच्या तळाशी, 'अटी व शर्ती'च्या खाली, बारीक अक्षरात एक ई-मेल टाकतात आणि मोकळ्या होतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तिथे खाली जा, 'तक्रार निवारण अधिकारी' शोधा. मिळाला तर नंबरही तिथेच मिळेल. बाहेर गूगलवर अजिबात नाही.

दुसरं, आजच १९१५ लावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८, रविवारीही चालू असते, मराठीत बोलता येतं. ते कंपनीला तक्रार पाठवतात. निकाल देण्याचा अधिकार त्यांना नाही, पण सरकारी दारातून आलेली तक्रार कंपनीत वेगळ्या टेबलावर जाते.

त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते. कंपनी बंगळूरला असो की गुरुग्रामला, त्यांनी सोलापूरला यायचं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही. २,३६० साठी नको वाटेल, पण हुकलेली तपासणी आणि रात्रीचा मनस्तापही मागता येतो.

शेंगाचटणी_डॉर्टमुंडहून, रविवार, दु. १:२०

जर्मनीत राहतो, मूळ भवानी पेठेतला. इकडेही हा वाद कोर्टात गेला होता. ग्राहक संघटनेने एका मोठ्या ऑनलाइन दुकानाविरुद्ध दावा लावला की फोन नंबर सहज दिसत नाही. जुलै २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने तेव्हाच्या नियमांवरून सांगितलं की फोन नंबर प्रत्येक वेळी दिलाच पाहिजे असं नाही, दुसरा मार्ग चालेल, पण त्यातून ग्राहकाला थेट आणि परिणामकारक संपर्क साधता आला पाहिजे.

तुमच्या वडिलांचं चॅट या कसोटीला लावून बघा. थेट? परिणामकारक? मला वाटतं प्रत्येक गोष्टीला फोन नको. टॉवेलचा रंग चुकला तर ई-मेल पुरे, दोन दिवस थांबू. पण रात्री अकराला म्हातारी माणसं रस्त्यावर उभी आहेत, पैसे खात्यातून जाताहेत, दारात औषध पोचलेलं नाही, अशा ठिकाणी दोन दिवसांनी आलेल्या उत्तराचा उपयोग शून्य. तिथे फोन सक्तीचाच हवा.

अवांतर: आयडीवर जाऊ नका, चटणी संपून महिना झाला.

मंगळवेढेकर, रविवार, दु. २:०५

अवांतराला अवांतर: ज्वारीच्या कडक भाकरीपण पाठवू का? पोस्टाने जातात, मोडत नाहीत.

हेडफोन_उतरवलेला, रविवार, दु. ३:३०

डॉर्टमुंडवाल्यांच्या प्रतिसादाशी सहमत, आणि त्यात एक भर. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगायचे की ग्राहकाला नंबर दिसला की तो लगेच फोन करतो. खरं आहे. पण नंबर दिसला नाही म्हणून फोन करायची गरज संपत नाही ना, माणूस दुसरीकडे शोधतो. आणि त्या 'दुसरीकडे' कोण बसलंय ते कंपनीला चांगलं ठाऊक असतं. अ‍ॅप उघडलं की 'बनावट कस्टमर केअर नंबरांपासून सावध राहा' अशी पट्टी लावतात. त्याच पट्टीत खरा नंबर छापायला किती जागा लागते?

जुळेसोलापूरकर, रविवार, रात्री ८:१०

सगळ्यांचे आभार. अ‍ॅपमध्ये खाली, खूप खाली, तक्रार अधिकाऱ्याचा ई-मेल मिळाला. लँडलाइनही आहे, रविवारी वाजून वाजून बंद होते. ई-मेल पाठवला, चॅटचा स्क्रीनशॉट आणि टपरीवाल्याने सांगितलेलं जोडून. १९१५ वर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला.

१९३० कडची खबर: ९,८०० पैकी ६,२०० पुढच्या एका खात्यात अडवले गेलेत असं कळलं. हातात यायला प्रक्रिया आहे, वेळ लागेल. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, 'म्हणजे तीन तास गप्प बसलो नसतो तर सगळे अडले असते.' मी काही बोललो नाही. रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

साखरपेठ, रविवार, रात्री ८:४०

अण्णांना म्हणावं लाज त्यांनी नाही वाटून घ्यायची.

जुळेसोलापूरकर, गुरुवार, संध्या. ६:३०

अपडेट. हसावं की रडावं कळेना.

आज दुपारी कंपनीचा फोन आला. हो, फोन. अण्णांच्या मोबाइलवर, कुठल्या तरी परराज्यातल्या नंबरवरून. मुलगा हिंदीत म्हणाला, आपल्या बसच्या तक्रारीबद्दल बोलायचं आहे, परताव्यासाठी माहिती पडताळायची आहे. अण्णांनी त्याला सोलापुरी मराठीत जे काही ऐकवलं ते इथे लिहिलं तर धागा उडेल. 'कोण बे तू? परवाच एकानं धुतलंय मला' एवढंच छापण्याजोगं आहे. फोन कट. तो परत आला, परत कट. तिसऱ्यांदा आईने उचलला आणि पोलिसांत देते म्हणाली.

संध्याकाळी अ‍ॅपवर मेसेज: 'आम्ही आपल्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला. आपला प्रतिसाद न मिळाल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.'

आता खरा कोण आणि खोटा कोण हे अण्णांनी ओळखायचं कसं? बँकांसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर आलेत असं वाचलं, बसवाल्यांना ते लागू आहे का?

निवृत्त_कॅशियर, गुरुवार, ७:०५

नाही. १६०० ची मालिका बँका, वित्तसंस्था आणि सरकारी खात्यांसाठी आहे. अण्णांनी जे केलं ते बरोबरच केलं, त्यांना तसं सांगा, मुद्दाम सांगा.

आजच दोन ओळी लिहा, तक्रार अधिकाऱ्याला आणि १९१५ च्या तक्रारीत दोन्हीकडे: फसवणूक झाल्यामुळे अनोळखी कॉल घेत नाही, बोलायचं असल्यास आधी अ‍ॅपमध्ये वेळ आणि नंबर कळवा, त्या वेळी मुलगा बोलेल, तक्रार परत उघडा. वर १९३० चा तक्रार क्रमांक टाका. स्वतःचा नंबर लपवल्याचा परिणाम काय झाला तो त्यांनाही एकदा वाचू दे.

जुळेसोलापूरकर, शुक्रवार, दु. १२:५०

पाठवलं. सकाळी तक्रार परत उघडली, अ‍ॅपमध्येच वेळ आली: साडेअकरा. बरोबर साडेअकराला फोन वाजला, मी बोललो. चार मिनिटं. बाळ्यावरून गाडी नेल्याचं ट्रॅव्हल्सने मान्य केलंय, २,३६० पाच-सात दिवसांत परत करू म्हणाले. चार मिनिटं, हो. तपासणीची नवी तारीख मात्र पुढच्या महिन्याच्या २२ ची मिळालीय, या वेळी एसटीने पाठवणार.

पैसे जमा झाले की इथेच कळवतो. तोवर अण्णांचा मोबाइल माझ्याकडे आहे, अनोळखी फोन मीच उचलतोय. ते टपरीवाल्याचा नंबर घेऊन आलेत. म्हणतात, गाडीची चौकशी करायची तर हाच बरा.